पाच मैलांची गोधडी

वर्ध्याहून नागपूरकडे निघाले म्हणजे वाटेत सेलू हे तहसिलीचे गाव लागते, आणि त्याच्या चहूंबाजूंस, दृष्टी पोहोचेल तेथवर, कापसाची काळी जमीन पसरलेली दिसते. ह्या जमिनीत निपजलेला कापूस सरकीपासून वेगळा होऊन, सूत होऊन, लुगडे वा धोतर होऊन माणसाच्या अंगावर येतो. अंगावर असता तो विटतो, विरतो, ठिकठिकाणी फाटतो. आणि बाजाराच्या हिशेबी जेव्हा त्याला काहीच मोल उरलेले नसते, तेव्हा घरातली वडीलधारी बाई ते जुनेर पेटीतून काढून त्याची गोधडी शिवावयास घेते. कापसाच्या दीर्घ प्रवासातला हा शेवटचा मुक्काम होय. परंतु त्या कापडाने एका घराशी जोडलेले नाते ह्याच मुक्कामावर प्रथम डोळ्यांना दिसू लागते, आणि म्हणून घर व गाव हा विषय घेऊन गोधडीची कलाकृती करू इच्छिणाऱ्याने आपला विचार येथूनच आरंभिला पाहिजे.

अंथरुणातली गोधडी चित्राप्रमाणे भिंतीवर लावण्याची कल्पना फार जुनी नाही. १९७१ साली न्यूयॉर्क येथील व्हिटनी संग्रहालयाने अमेरिकेतील घरगुती गोधड्यांचे प्रदर्शन भरविले, १९७९ पासून ओहायो संस्थानातील अथेन्स ह्या गावी 'क्विल्ट नॅशनल' ह्या नावाने नव्या गोधड्यांचे प्रदर्शन भरू लागले, आणि ह्याच काळात 'आर्ट क्विल्ट' हे नाव जगभर रूढ होत गेले. आपण तिला कलागोधडी म्हणू. थरावर थर घालून टाक्यांनी जोडलेले वस्त्र एवढी गोधडीची मूळ खूण ती सोडीत नाही. मात्र तिचा प्रथम हेतू पाहण्याचा असतो, पांघरण्याचा नव्हे. आपल्याकडील शहरांतूनही अशा गोधड्या आता होऊ लागल्या आहेत, आणि त्यांतील कित्येकींचा विषय घर, अंगण, गल्ली असाच असतो. परंतु पुष्कळदा असे घडते की, घराचे चित्र तेवढे कापडावर उमटते आणि कापड मात्र दुकानातून आणलेले, कोणाच्याही अंगाला न लागलेले, कोरे असते. माझ्या मते येथे विषय आणि द्रव्य ह्यांची फारकत झाली. गोधडीच्या कलेचा खरा अर्थ कोणाचे कापड कोणाच्या शेजारी आले आणि ते कोणाच्या हातांनी जोडले गेले, ह्यात आहे. चित्र त्याच्यामागून यावे.

ह्या विचाराला आधार देणारे एक सूत्र वर्धा जिल्ह्यातच सापडते. १९३६ साली गांधीजी शेगाव ह्या खेड्यात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहावयास गेले, आणि १९३७ च्या जानेवारीत 'हरिजन' साप्ताहिकात आदर्श खेड्याचे वर्णन करताना त्यांनी असा विचार मांडला की, तेथील घरे पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या साहित्यातून बांधलेली असावीत. सेवाग्रामच्या त्यांच्या कुटीत माती, बांबू, लाकूड आणि कवेलू ह्यांपलीकडे फारसे काही नाही. पण तिच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबहेन यांनी मातीतूनच उठविलेली ताडाची झाडे व चरखा पाहिले म्हणजे साहित्याचे बंधन पाळूनही सौंदर्य कसे उमलते हे ध्यानात येते. किंबहुना, ज्या मातीची भिंत त्याच मातीची नक्षी असल्यामुळेच ती तेथे शोभते. घरासाठी सांगितलेला हा नियम गोधडीला लावून पाहावा असे मला मनापासून वाटते. पाच मैलांच्या आत, म्हणजे माणूस पायी जाऊन संध्याकाळी परत येईल एवढ्या अंतरात, जी घरे आहेत त्यांच्याकडूनच कापड घ्यावे. कारण त्या अंतरापर्यंत कापड कोणाचे हे विचारले तर सांगणारे कोणी तरी भेटते. सेलू तालुक्यातीलच केळझर गावाने आपला भाग आपल्या परिघातील कापडाने करावा, सिंदीने आपल्या, सेलूने आपल्या. आणि मग ते भाग एकत्र यावेत.

गोधडी हे घराचे दप्तर होय. दप्तरात ज्याप्रमाणे जमाबंदीचे, फेरफाराचे, वारसाचे कागद एकावर एक बांधलेले असतात, आणि वरवर पाहणाऱ्याला ते नुसते जुने कागद वाटले तरी जाणत्या कारकुनाला त्यांतून एका मौज्याचा साद्यंत इतिहास वाचता येतो, त्याप्रमाणेच गोधडीचे थर उलगडणाऱ्याला त्यांतून ह्या मुलखाच्या वस्त्राचा इतिहास वाचता येतो. वर्धा हा स्वतंत्र जिल्हा १८६२ साली नागपूरपासून वेगळा काढण्यात आला, तेव्हा अमेरिकेतील यादवीमुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडील कापूस मिळेनासा झाला होता आणि हिंगणघाटच्या कापसाचे नाव विलायतेच्या बाजारात पोहोचले होते. १८६७ साली लोहमार्ग नागपुरास पोहोचला. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, आणि कोष्ट्यांच्या मागावरच्या जाड, टिकाऊ लुगड्यांच्या शेजारी गिरणीचे एकसारखे, पातळ पोताचे कापड घरोघर येऊ लागले. १९३४ साली गांधीजी वर्ध्यास आले, त्याच वर्षी ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली, १९३८ साली वर्ध्याच्याच मगनवाडीत मगन संग्रहालय उघडले, आणि चरख्याच्या सुताची खादी ही ह्या भागातील अनेक घरांत नेमाने वापरण्याची चीज झाली. त्यानंतरच्या काळात नायलॉन आणि पॉलिस्टर आले, आणि त्यांनी पेटीतला रंग पार पालटून टाकला.

ही सर्व कापडे हाताला निरनिराळी लागतात, आणि हा फरक कलागोधडी करणाऱ्याने बोटांनी ओळखावयास शिकले पाहिजे. खादीचे सूत हाताने पिळलेले असल्यामुळे कोठे जाड, कोठे बारीक असते. तिच्यात सुई सहज शिरते आणि टाका घट्ट बसतो. गिरणीची मलमल पुष्कळ धुण्यांनंतर इतकी मऊ होते की तान्ह्या बाळाचे दुपटे तिचेच करावे. पण ती वरच्या थरात घातली तर लौकर विरते. लुगड्याचा काठ हा मधल्या अंगापेक्षा दाट विणलेला असल्यामुळे अंग झिजून गेले तरी काठ शाबूत राहतो. गोधडीच्या चौकटीला आणि आतल्या पट्ट्यांना बायका काठच का वापरतात, ह्याचे कारण हे आहे. शोभा ही त्यामागून आलेली गोष्ट. पॉलिस्टरच्या साडीचा रंग उतरत नाही, परंतु ती घाम शोषीत नाही, थरांतून निसटते, आणि तिच्यावर सुती दोऱ्याचा टाका सैल पडतो. म्हणून ती घ्यावयाची झाल्यास लहान तुकड्यांत, दोन्ही बाजूंना सुती कापडाची सोबत देऊन घ्यावी. ती मुळीच घेऊ नये असे मात्र मी म्हणणार नाही, कारण आजच्या घराची नोंद करावयाची आणि आजचे कापड वगळावयाचे हे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. गोळा झालेले कापड सोडा घालून धुवावे, कडक उन्हात वाळवावे, शिवणी उसवून सपाट करावे आणि उजेडासमोर धरून पाहावे. जेथे उजेड जाळीसारखा आरपार येतो तो भाग आतल्या थरासाठी, जेथे वीण अजून धरून आहे तो वरच्या थरासाठी. ज्या कापडाचा रंग जाण्याचा संशय असेल ते ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात शेजारचा पांढरा चौक गुलाबी होऊन बसतो. मग ओटीवर किंवा सारवलेल्या अंगणात खालचे आस्तर ताणून पसरावे, कोपऱ्यांवर वजने ठेवावीत, त्यावर दोन-तीन थर जुनेराचे घालावेत, आणि सर्वांत वर तुकड्यांचा थर मांडावा. मांडणी पुरती मनास येईपर्यंत एकही टाका घालू नये. मांडणी ठरल्यावर हातहातभर लांबीचे कच्चे टाके उभे-आडवे घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेवावेत, कडा आत दुमडाव्यात, आणि मग काठापासून धावदोरा सुरू करावा.

पाश्चात्त्य देशांत गोधडी बहुधा मध्यापासून बाहेरच्या दिशेने शिवतात, म्हणजे कापडाचा फुगा कडेकडे सरकत जाऊन निघून जातो. आपल्याकडे टाका कडेने निघतो आणि चौकोनात चौकोन करीत मध्याकडे येतो. ह्या रीतीत फुगा मध्यावर साचण्याचा धोका असतो, आणि म्हणूनच कच्च्या टाक्यांच्या कामात हयगय चालत नाही. परंतु हिचा एक मोठा गुण असा की, चार बाजूंना चार बायका समोरासमोर बसून एकाच वेळी शिवू शकतात. काठापाशी असताना त्या एकमेकींपासून दूर असतात. एकेक फेरा संपतो तसतशा सरकत सरकत जवळ येतात. समुदाय म्हणून ज्याचे चित्र काढावयाचे, तो समुदाय गोधडीच्या शिवणकामातच असा सामावलेला आहे. एकटीने यंत्रावर शिवलेली गोधडी दिसावयास कितीही सुबक असली तरी तिच्यात हे बसणे नाही. शिवाय प्रत्येकीचा टाका निराळा असतो: एकीचा तांदळाएवढा, दुसरीचा गव्हाएवढा, एकीचा किंचित तिरका. पुरी झालेली गोधडी तिरप्या उजेडात पाहिली तर कोणती बाजू कोणी शिवली हे सांगता येते. हे टाके एकसारखे करण्याचा हट्ट कलागोधडीत कोणी धरू नये.

दोन फेऱ्यांमध्ये किती अंतर ठेवावे हा नेहमीचा प्रश्न. ऊब ही मुख्यतः थरांमध्ये अडकून स्थिर राहिलेल्या हवेची असते. टाके जितके दाट तितकी ती हवा दबून कमी होते आणि गोधडी मजबूत पण चापट बनते. टाके विरळ ठेवले तर ऊब अधिक, पण धुण्यात आतले थर गोळा होतात. बोटभर अंतर हे परंपरेने काढलेले मध्यममान आहे, आणि भिंतीवर लावावयाच्या गोधडीलाही तेच ठीक, कारण दोन ओळींमधला तो हलका उंचवटा आणि त्याची सावली ह्यांनीच गोधडीच्या पृष्ठाला सजीवपणा येतो.

सेलूच्या गोधडीत चित्र कोणते यावे? येथे कल्पनेला मोकळीक आहे, तरी मी माझे मत सांगतो. काळी जमीन दाखविण्यासाठी नवे काळे कापड घेऊ नये. विटलेल्या काळ्या चंद्रकळेत, धुऊन धुऊन करडी झालेल्या विजारीत, जुन्या छत्रीच्या कापडात काळ्याच्या इतक्या छटा मिळतात की नांगरलेले, वखरलेले आणि पावसाने भिजलेले अशी तीन शेते तीन तुकड्यांनी वेगळी दाखविता येतील. बोर नदी एकाच निळ्या पट्टीची करण्यापेक्षा शाळेच्या गणवेशांच्या फिकट निळ्या तुकड्यांची करावी. वरच्या अंगाला बोरचे अरण्य, जे २०१४ साली व्याघ्रप्रकल्प म्हणून घोषित झाले. त्याच्यासाठी हिरव्यापेक्षा सागाच्या वाळल्या पानांचा तपकिरी रंग अधिक खरा, कारण वर्षातले कित्येक महिने ते अरण्य तसेच दिसते. बोरच्या पाण्यावर सेलूच्या परिसरात केळीच्या बागा होत असत. तो खरा हिरवा रंग तेथे खर्च करावा. केळझरच्या गणपतीसाठी आणि त्या गावाशी जोडलेल्या महाभारतातील एकचक्रानगरीच्या कथेसाठी शेंदरी रंगाचा एकच लहान तुकडा पुरे. मोठा घेतल्यास तो साऱ्या गोधडीवर हुकूम चालवील. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा पंचक्रोशीत विख्यात आहे. लाकडी बैल घेऊन निघालेल्या मुलांची रांग तेथील मुलांच्याच शर्टांतून कापावी, आणि एखाद्या घरी मोठ्या बैलाची जीर्ण झूल पडून असेल तर तिच्या आरशांसह एक तुकडा मागून आणावा. पूर्ण मांडणी झाल्यावर डोळे किलकिले करून दुरून पाहावे. रंग पुसट होऊन उजळ-काळोख तेवढा उरतो, आणि तो जर नीट तोलला गेला असेल तर चित्र साधले असे समजावे.

परंतु चांगले, धड, देखणे कापड तेवढे निवडून केलेली गोधडी गावाची म्हणविता येणार नाही. नावडती मुलगी म्हणून जिचे नाव 'चिंधी' ठेवले गेले ती, वर्ध्याजवळच्या पिंपरी मेघे येथे १९४८ साली जन्मलेली बालिका लग्न होऊन सेलू तालुक्यातील नवरगावास आली, घरातून बाहेर घालविली गेली, आणि पुढे सिंधुताई सपकाळ ह्या नावाने शेकडो अनाथ मुलांची माय झाली. तिच्या तालुक्यात गोधडी करताना कोणी दिलेले फडके फाटके म्हणून बाजूला टाकणे मला तरी सोसवणार नाही. जे टाकून दिले त्यालाच जोडून घेणे हा तर ह्या कलेचा प्राण; आणि विदर्भात ह्या प्राणाला फार मोठी साक्ष लाभलेली आहे, कारण चिंध्या जोडून केलेले वस्त्र अंगावर घेऊन गावोगाव रस्ते झाडणाऱ्या गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत. ज्या वस्त्राला लोक दारिद्र्याची निशाणी समजत होते ते त्यांनी आपल्या हयातभर, १९५६ साली देह ठेवीपर्यंत, अंगावर वागविले.

तुकड्यांच्या वस्त्राला अशी प्रतिष्ठा देणारी ह्याहून प्राचीन परंपराही आपल्याजवळ आहे. विनयपिटक ह्या बौद्ध ग्रंथात अशी कथा येते की, बांधांनी आखलेली मगधातील शेते पाहून बुद्धांनी आपला शिष्य आनंद ह्याला तशाच आकृतीचे चीवर, म्हणजे भिक्षूचे वस्त्र, करता येईल काय असे विचारले, आणि आनंदाने तुकडे जोडून ते केले. म्हणजे शेतांचा नकाशा हीच वस्त्राची मांडणी झाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी सेलूपासून दूर नसलेल्या नागपुरात लाखो लोकांनी बौद्ध धम्माचा स्वीकार केला, आणि ह्या तालुक्यातील कितीतरी घरांना ती कथा आज आपली आहे. सेलूच्या शेतांची आकृती गोधडीत घालू पाहणाऱ्याने ह्या घरांतील बायांना मांडणीच्या वेळी आवर्जून बोलवावे.

इतरत्रही ही कला अशाच मार्गाने चाललेली दिसते. बंगालच्या कांथेत, म्हणजे तेथील गोधडीत, जुन्या साड्यांच्या काठांतून ओढून काढलेल्या रंगीत दोऱ्यांनी चित्रे भरीत. आपल्या गोधडीत चित्र दोऱ्याचे नसून तुकड्यांचे असते, एवढाच भेद. उत्तर कर्नाटकातील सिद्दी स्त्रिया आपल्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची फुले लावतात आणि त्यांच्यावाचून ती उघडी समजतात. पण मला सर्वांत जवळची वाटते ती अमेरिकेतील अलाबामा संस्थानातल्या गीज बेंड ह्या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांची गोधडी. नदीच्या वळणात अडकलेली ही वस्तीही कापसाचीच. तेथील मंडळी गुलामांचे वंशज आणि पुढे कुळे म्हणून कापूस पिकविणारी. १९४२ साली मिसुरी पेटवे ह्या स्त्रीने आपल्या दिवंगत पतीचे शेतावरचे कपडे उसवून त्यांची गोधडी केली, तिच्यात विटलेला निळा, करडा आणि मातकट रंग ह्यांवाचून फारसे काही नाही, आणि गुडघ्यापाशी झिजलेले भाग तसेच दिसतात. आठवण राहावी आणि ऊबही मिळावी म्हणून तिने ती शिवली. साठ वर्षांनी, २००२ मध्ये, गीज बेंडच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या संग्रहालयात टांगल्या गेल्या तेव्हा पाहणाऱ्यांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी केली. त्या स्त्रियांनी चित्रकला शिकून गोधड्या केल्या नव्हत्या. आपल्या माणसाच्या कपड्यांशी त्या खऱ्या राहिल्या, आणि रेषा व रंग त्यांतून आले. वर्ध्याच्या मुलखात, जेथे कापसाच्या शेतीने पुष्कळ घरांतील कर्ता माणूस अकाली नेला आहे, तेथे ह्या एका गोधडीचा अर्थ कोणाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

शेवटी थोडे जतनाविषयी. गोधडीच्या पाठीवर, आस्तराच्या कोपऱ्यात, शिवणाऱ्या बायांची नावे, गावे आणि साल हे दोऱ्याने भरावे, शाईने लिहू नये. आणि कोणता तुकडा कोणाच्या घरचा ह्याची तपशीलवार यादी वहीत उतरवून ती वही गोधडीबरोबर वाचनालयात ठेवावी. टांगण्यासाठी वरच्या कडेला पाठीमागून कापडाची नळी शिवून तीतून बांबू घालावा, म्हणजे भार एकाच खिळ्यावर न येता सारखा वाटला जातो. सतत टांगून ठेवल्यास टाके ओढले जातात व उन्हाने रंग उडतो. तेव्हा काही महिने टांगावी, काही महिने घडी करून ठेवावी, दर वेळी घडीची जागा बदलावी, कडुनिंबाचा पाला घालावा, आणि वैशाखात पाठीची बाजू वर करून घटकाभर ऊन द्यावे. विदर्भात कापसाची पहिली वेचणी सीतादहीचा नैवेद्य दाखवून करतात. त्या दिवसाच्या कापसाची मूठभर रुई मधल्या चौकात भरण्याचे मी सुचवीन, आणि दर वर्षी त्याच सुमारास, त्या साली जी घरे गावात नव्याने आली वा ज्या घरांतील कोणी गेले, त्यांच्या कापडाची एक पट्टी काठाबाहेर जोडीत जावे. अशी पट्ट्यांनी वाढत वाढत गोधडी दोघींना उचलवेनाशी झाली म्हणजे तिचा शेवटचा काठ बंद करून दुसरी पसरावी.